श्रीमान आउटसोर्सिंगराव, मुक्काम पोस्ट जिथे मजुरी स्वस्त

श्री. रा. रा. आउटसोर्सिंगराव साहेब यांचे सेवेशी,

नेर परसोपंत, जिल्हा यवतमाळ येथून एका कास्तकाराचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र कुठल्या पत्त्यावर टाकावे, इथेच आधी अडलो. मँचेस्टरला पाठवावे तर आपण तिथून केव्हाच उठलात. न्यू इंग्लंडात चौकशी केली, कॅरोलिनाकडे बोट दाखवतात. कॅरोलिनात विचारावे तर लोक हात जोडतात. परळ-लालबागेत आपले नाव काढायची सोय नाही. सध्या हिंजवडीत मुक्काम आहे असे कळते, पण तिथली मुले म्हणतात, साहेबांची बॅग भरूनच ठेवलेली असते. म्हणून लिफाफ्यावर 'मुक्काम पोस्ट जिथे मजुरी स्वस्त' एवढेच लिहिले. त्या अर्थाने आपण नेरच्याही शेजारीच कुठेतरी असणार.

आधी आभार मानतो. आमच्या घरावर आज जो स्लॅब आहे तो आपल्या कृपेचा. थोरल्या पोरीचे लग्न कर्ज न काढता झाले, सोसायटीचे जुने कर्ज फिटले, आणि बँकेतला साहेब मला 'या काका' म्हणू लागला, हेही आपलेच देणे. हे मी खोचक म्हणत नाही. खोचक पुढे येणार आहे, घाई करू नये.

हिशेबच मांडतो. पाच एकर कोरडवाहू वावर. एकरी पाच क्विंटल कापूस झाला तर गंगेत घोडे न्हाले. म्हणजे पंचवीस क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. दोन लाखांच्या वर जरासे, तेही बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी काहीच वजा न करता, आणि व्यापाऱ्याने ओलावा, कवडी अशी कारणे न काढता. आपल्या कामाला लागलेला माझा पोरगा पुण्यात बसून तेवढे तीन-चार महिन्यांत मिळवतो. त्याच्या धंद्यात बोंडअळी नाही. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. पोराच्या ऑफिसात फवारा मारतात तो खोली सुगंधित करायला. असा फरक ज्याने घडवला त्याच्या पाया पडायला नको?

मोठमोठ्या विद्वानांनीही आपली बाजू घेतली आहे, हे मला ठाऊक आहे. २००४ च्या फेब्रुवारीत ग्रेगरी मँकिव नावाचे बुश साहेबांचे आर्थिक सल्लागार म्हणाले की, नोकऱ्या बाहेर जाणे हा व्यापाराचाच एक नवा प्रकार आहे आणि लांबच्या पल्ल्यात तो अर्थव्यवस्थेला फायद्याचाच ठरेल. बिचाऱ्यांवर दोन्ही पक्ष तुटून पडले. माझे मात्र मँकिव साहेबांशी भांडण नाही. अमेरिकेतल्या कंपनीचा खर्च वाचला, तिथल्या गिऱ्हाइकाला सेवा स्वस्त पडली, इथल्या पोराला पगार मिळाला, पुण्याच्या बिल्डरचे फ्लॅट विकले गेले. अर्थव्यवस्था सुखात आहे. तिला एकदा प्रत्यक्ष भेटायची माझी फार इच्छा आहे. नेरच्या बसस्टँडवर कधी उतरलीच तर आधी निरोप द्यावा, न्यायला येईन.

साहेब, आपल्या साऱ्या कलांमध्ये मला सगळ्यात थोर वाटते ती 'केटी'. पोरगा नोकरीला लागल्यावर हा शब्द पहिल्यांदा कानावर आला. 'बाबा, सध्या केटी चालू आहे.' मला वाटले, नापास झाला की काय. आमच्याकडे इंजिनीअरिंगला केटी लागते ती नापासाला. मग त्याने समजावून सांगितले. काम तिकडून इकडे येताना तिकडचा माणूस इकडच्या माणसाला ते काम शिकवतो. शिकवून झाले की तिकडचा माणूस घरी जातो.

पोराला शिकवणारा गृहस्थ शार्लटजवळचा होता, नॉर्थ कॅरोलिनातला, पन्नाशी उलटलेला. स्क्रीनवर दिसायचा. मागे कुत्रे भुंकायचे, मधूनच त्याची बायको कॉफी ठेवून जायची. कामाची एकेक खाच तो सांगायचा: अमुक फाइल महिन्याच्या शेवटी अडकते, तमुक बटण दोनदा दाबू नको, फलाण्या बाईला फोन करायचा तर सकाळी दहाच्या आत. वीस वर्षांत बोटांना जे कळले होते ते सगळे त्याने ओंजळीने दिले. पोरगा म्हणाला, 'बाबा, एकदाही आवाज चढवला नाही त्याने.' न शिकवले तर जातानाचे पैसे मिळायचे नाहीत, हे पोराला नंतर दुसऱ्यांकडून कळले.

एवढी सभ्यता आमच्या खेड्यात नाही, साहेब. आमच्याकडे भावाने धुरा दोन फूट सरकवला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. आणि आपण माणसाकडून त्याची जागा काढून घेता, वर ज्याला ती द्यायची त्याचा मास्तर त्यालाच करता. २०१५ च्या सुरुवातीला ऑर्लँडोच्या डिस्नेतल्या अडीचशेच्या आसपास संगणक कर्मचाऱ्यांवर हीच पाळी आली होती. त्यातल्या कित्येकांनी जाता जाता बदलीच्या माणसांना शिकवले आणि त्याची बातमी जगभर गाजली. याची आपल्याला उगाच आठवण करून देतो आहे असे नाही. आपल्या कर्तबगारीची कुणीतरी नोंद ठेवायला हवी, एवढाच हेतू.

त्या गृहस्थाने एकदा पोराला विचारले, वडील काय करतात. पोरगा म्हणाला, कापूस पिकवतात. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, माझी आई टॉवेलांच्या गिरणीत होती, कॅनापोलिसला.

मी नाव लिहून घेतले आणि धाकट्या पोरीला मोबाइलवर शोधायला लावले. कॅनापोलिस म्हणजे शार्लटच्या अंगाला असलेले गिरणीगाव. कॅनन मिल्सचे टॉवेल एके काळी अर्ध्या अमेरिकेच्या न्हाणीघरात असायचे. पुढे ती मालमत्ता पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे गेली आणि ३० जुलै २००३ रोजी कंपनीने कुलूप लावले. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात एका दिवसात चार हजारांहून जास्त लोकांचे काम गेले. टॉवेल मात्र विणायचे थांबले नाहीत. ते पाकिस्तानात, चीनमध्ये, भारतात विणले जाऊ लागले. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला परदेशी गिऱ्हाईक मिळाले की आम्ही पेढे वाटतो. कुणाची चूल विझून हा पेढा आला, ते पुड्यावर छापलेले नसते.

म्हणजे, साहेब, आईचे काम आपण नेले, आणि मुलगा म्हातारपणाला टेकल्यावर त्याचेही नेले. मधे त्याला संगणक शिकायला लावलेत, आता गिरणीचे दिवस गेले, डोक्याचे काम शीक म्हणून. एकाच घरात दोनदा पायधूळ झाडणारा पाहुणा विरळा. आणि तो गृहस्थ? त्याने पोराला निरोपाच्या दिवशी एवढेच सांगितले म्हणे की, तूही सगळे लिहून ठेवत जा, पुढच्याला सांगायला लागेल. पोराला ती काळजी वाटली. मला ती भविष्यवाणी वाटते.

मुंबईचे वेगळे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि लोक आजही म्हणतात की संपाने गिरण्या बुडवल्या. आपण गालात हसत असाल. विणाई त्याच्या आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होती. तिथे हजेरीपट नव्हता, प्रॉव्हिडंट फंड नव्हता, युनियन नव्हती. संपाने फक्त आपली गाडी लवकर सुटली. आता फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि कमला मिलच्या आवारात काचेची ऑफिसे. गिरणी कामगाराचा नातू अशाच एखाद्या काचेमागे बसून अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला 'हाऊ मे आय हेल्प यू' म्हणत असेल, तर त्याला आजोबांच्याच जागेवर पुन्हा कामाला लावल्याबद्दल आभार मानावेत की नाही, हे त्या घराने ठरवावे. मी परका माणूस.

आमची आपली ओळख मात्र त्याहून जुनी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस तुटला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्याला आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. केवढे भाग्य! लगेच आगगाडी आली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या कापूस लाइनीच्या उद्घाटनाला आले. वऱ्हाडच्या कापसासाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला. ज्वारीचा कमिशनर कुणी नेमला नाही, म्हणून ज्वारीचे वावर पऱ्हाटीखाली गेले आणि शतक संपताना दुष्काळ पडला तेव्हा पोटात घालायला कापूस उरला. तोवर इथे जे सूत निघे, जो माग चाले, जे कोष्टी-साळी लुगडी विणत, ते सगळे काम आपण मँचेस्टरला नेले. रुई आमची, कापड त्यांचे.

आमच्या दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी, लोक जिला शकुंतला म्हणतात, तीही आपल्या प्रेमाची खूण. कापूस वाहून न्यायला विलायती कंपनीने बांधली. तिचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरातच घडले, १९९४ पर्यंत धावले. इंग्रज गेला, झेंडा बदलला, तरी रूळ कंपनीचेच राहिले आणि आपल्या रेल्वेने त्यांच्या वापराचे पैसे कित्येक वर्षे मोजले. आता गाडी बंद आहे. शेळ्यांना चरायला जागा झाली, हाही एक विकासच.

तेव्हा आपण काम इकडून तिकडे नेले, आता तिकडून इकडे आणता, असे विद्वान सांगतात आणि याला इतिहासाचा न्याय म्हणतात. मी अडाणी माणूस, मला एवढेच दिसते की दोन्ही वेळा हिशेबाची वही तिकडेच राहिली. काम कुठे जाईल ते ज्याच्या हाती वही त्याने ठरवायचे. आम्ही एकदा रुई द्यायची आणि एकदा पोरगा.

आजच्या कापसाचा प्रवास आपल्याला तोंडपाठ असेलच, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कारण काही लोक आपल्या खांद्यावरून हे पत्र वाचत आहेत. वावरातून कापूस निघतो. कुणी खेडा खरेदीत घरूनच देतो, कुणी सरकारी कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर नेतो. त्यासाठी २०२५ पासून मोबाइलवर 'कपास किसान' ॲपात नाव नोंदवावे लागते, म्हणजे ते कामही आता आमच्याकडेच आले. जिनात सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधतात. तिथे आमचा संबंध संपतो. गाठ तमिळनाडू नाहीतर गुजरातच्या सूतगिरणीत जाते, सुताचा बराच वाटा बांगलादेशात, तिथे चाळीस लाखांच्या आसपास कामगार, त्यात निम्म्याहून जास्त बाया, शर्ट शिवतात, आणि शर्ट पोचतो कॅनापोलिसच्या दुकानात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेच्या वर माणसे गाडली गेली, तेव्हा ढिगाऱ्यात नामांकित कंपन्यांची लेबले सापडली. काही कंपन्या म्हणाल्या, ही आमची माणसे नव्हेत, कंत्राटदाराची आहेत. धन्य आपली रचना! काम आपले, माणूस दुसऱ्याचा.

इथेच काही होत नाही असे म्हटले तर खोटे होईल. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत जीन्सचे कापड विणले जाते. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होणार आहे, २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या सभेतून पंतप्रधानांनी पायाभरणी केली. धागा, कापड, शिलाई सगळे एका जागी, असे ऐकतो. मी वाट पाहायला तयार आहे. कास्तकाराला तो सराव असतो.

वाट पाहता पाहता २०२५ चा ऑगस्ट आला. अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले. कापड गिरण्यांना दिलासा हवा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी आमची वेचणी संपेपर्यंत. भांडण वॉशिंग्टन आणि दिल्लीचे, दंड नेरच्या वावराला. यात आपला हात नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आपण फक्त जिकडे स्वस्त तिकडे पाहता; या वेळी स्वस्त कापूस ब्राझीलकडे होता.

आता घरचे थोडे. पोरगा रात्री काम करतो. संध्याकाळी कॅब घ्यायला येते, पहाटे सोडून जाते. त्याच्या आईने पंचांगात नसलेले दोन सण पाठ केले आहेत: मार्चातला दुसरा रविवार आणि नोव्हेंबरातला पहिला. त्या दिवशी अमेरिकेची घड्याळे सरकतात, साडेदहा तासांचे अंतर साडेनऊ होते किंवा साडेनऊचे साडेदहा, आणि पोराची जेवायची वेळ बदलते. बाई सातवी शिकलेली, पण तिला न्यूयॉर्कचे ऊन कधी कलते ते कळते. पोळ्याला पोरगा येत नाही. लक्ष्मीपूजनाला आला तर लॅपटॉप मांडीवर. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी मात्र हक्काने येतो, कारण क्लायंटचे थँक्सगिव्हिंग असते. आम्ही त्या दिवशी वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी करतो. वेचणीवाल्या बाया विचारतात, आज कोणता सण? त्याची आई म्हणते, साहेबाच्या मालकाचा.

सोयरीक पाहायला गेलो तर मुलीकडचे आधी पॅकेज विचारतात, मग शिफ्ट. शेतकरी पोरगा तर नकोच म्हणतात. त्यामुळे आमच्या शेजारच्या, वावर करणाऱ्या पोट्ट्याचे लग्न तिशी उलटली तरी जुळत नाही. आपल्या कृपेची लाइन एका घरातून गेली आणि दुसऱ्या घरात अंधार जरा जास्तच दिसू लागला.

आपण फक्त परदेशातच फिरता असा गैरसमज होता. तोही दूर केल्याबद्दल आभारी आहे. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला आणि सरकारी कामांसाठी माणसे पुरवायला नऊ खासगी संस्था नेमल्या. एमपीएससी, तलाठी, शिक्षक भरती यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारी पोरे रस्त्यावर आली. २० ऑक्टोबरला तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले आणि हे पाप आधी कुणाच्या काळात सुरू झाले याची पक्षांमध्ये जुंपली. निर्णय रद्द झाला, पण आपण कुठे रद्द झालात! तालुक्याच्या एका कचेरीत संगणकावर बसणारा पोरगा माझ्या ओळखीचा. काम सरकारचे, शिक्का सरकारचा, पगार एजन्सीचा, तोही महिनोन्‌महिने थकलेला. कुणाकडे मागू विचारले तर कचेरी म्हणते एजन्सीला विचार. एजन्सीचे नाव त्याला माहीत आहे, दार माहीत नाही.

अमेरिकेतही आपल्यावर प्रेम उतू चालले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी बसली. त्याच महिन्यात बर्नी मोरेनो नावाच्या सिनेटरने विधेयक मांडले की परदेशात काम करून घेण्यासाठी दिलेल्या पैशांवर २५ टक्के कर लावावा. आमच्या पोराच्या मित्रांमध्ये दोन दिवस सन्नाटा. मला त्या सिनेटरचा राग येत नाही, खरे सांगतो. कॅनापोलिससारख्या गावांची मते त्यालाही मागायची असतील. पण गंमत बघा, तो काम परत आणायला निघाला आणि काम मधल्या मध्ये भलतीकडेच निघाले.

फोनवर बोलण्याचे काम २०१० च्या सुमारासच फिलिपिन्सकडे वळले होते. तिथल्या पोरींची इंग्रजी अमेरिकनांना जास्त गोड लागते म्हणे. आता तर काम माणसाकडेच राहायला तयार नाही. २०२५ च्या जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करणार असल्याचे सांगितले. या धंद्यात देशात पन्नास लाखांच्या वर लोक आहेत, त्यात बारा हजार म्हणजे किती, असे आपले वकील म्हणतील. बरोबर आहे. तुरीच्या पोत्यातून मूठभर दाणे गेले तर कुणाला कळते? दाण्याला कळते.

पोरगा परवा फोनवर म्हणाला, 'बाबा, पुन्हा केटी चालू आहे.' मी विचारले, या वेळी तू कुणाला शिकवतो आहेस, मनिलाच्या पोरीला? म्हणाला, 'नाही, मशीनला.' तो दिवसभर, म्हणजे रात्रभर, आपण काम कसे करतो ते लिहून काढतो, आणि ते त्या यंत्राच्या पोटात घालतात. शार्लटच्या गृहस्थाने सांगितलेली महिन्याच्या शेवटी अडकणारी फाइल, दोनदा न दाबायचे बटण, सगळे. त्या गृहस्थाला निदान समोर एक पोरगा दिसत होता, वडील काय करतात असे विचारता येत होते.

साहेब, आपण फिरतीवरचे माणूस, म्हणून आमच्याकडची एक रीत आपल्या कानावर घालतो. आमच्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. रकमेची घासाघीस होते, वरून किती पायली ज्वारी, किती कपडे, तेही ठरते. एकदा ठरले की पुढच्या पाडव्यापर्यंत तो गडी आमचा आणि आम्ही त्याचे. पाऊस दडी मारो, अळी पडो, भाव कोसळो, मधेच 'उद्यापासून येऊ नको' म्हणायची सोय नाही. म्हटले तर गाव तोंडात शेण घालते आणि पुढच्या वर्षी वावरात पाऊल टाकायला गडी मिळत नाही. ही रीत फार थोर आहे असे नाही. सालगड्याच्या घरी जाऊन पाहिले तर तिच्यातली सगळी भोके दिसतात. पण एक वर्ष तरी त्याला ठाऊक असते. पुण्याच्या काचेच्या ऑफिसात लाख लाख घेणाऱ्या पोरांना पुढच्या शुक्रवारचे ठाऊक नसते. सकाळी कार्ड दारावर लावले आणि दार उघडले नाही, की समजायचे.

म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे. आपण राहावे, अशी विनंती करत नाही. वाऱ्याला थांब म्हणणारा मी कोण. भरपाई मागत नाही. फक्त पोराची नोकरी नेण्याचे ठरलेच असेल तर ते पाडव्याच्या आत कळवावे. वावर यंदा मक्त्याने द्यायचे की घरी करायचे, हे पाडव्याला ठरते. एकदा दिले की वर्षभर माघारी मागता येत नाही. बैलजोडी विकून टाकली आहे; पोरगा परतणार असेल तर नव्या जोडीचाही विचार करावा लागेल, निदान ट्रॅक्टरवाल्याला आधी सांगून ठेवावे लागेल. जूनमध्ये कळवलेत तर बियाण्याच्या रांगेत माझ्यामागे एक नंबर वाढेल एवढेच होईल, पण वावर हाती नसेल.

आणि पोरगा घरी आला तर त्याला डवरा धरायला शिकवणे आले. त्या केटीचे आपण काही लावू नये, ती मी फुकट देईन.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक कास्तकार,
नेर परसोपंत, जि. यवतमाळ

ता. क. उत्तर पाठवायचे तर कृपया स्वतः लिहावे. गेल्या वेळी तक्रारीसाठी एका कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडून बोलणारा पोरगा दिग्रसचा निघाला, त्याने नाव 'सॅम' सांगितले, आणि माझे बोलणे ऐकून घेताच हळूच विचारले, काका, तुमच्याकडे पाऊस झाला का?